गर्दी सहा वर्षांची, हप्ते वीस वर्षांचे

घर वाढवायचं की मोठं घर बघून इथून हलायचं, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी लग्न करावं की नाही यावरही झाली नव्हती. घर बैठं, एकमजली. दार लावता येईल अशा खोल्या तीन: एक सासूबाईंची, एक आमची, एक मुलांची. शिवाय बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि एक अडगळीची खोली, जिच्यात शिरायचं तर आधी काहीतरी बाहेर काढावं लागायचं. मागे आणि एका बाजूला थोडी मोकळी जागा. माणसं पाच. थोरला सोळा वर्षांचा, धाकटी बाराची. मी गणित शिकवते, त्यातल्या निम्म्या शिकवण्या संध्याकाळी घरातूनच ऑनलाइन. नवरा आठवड्यातले काही दिवस घरून काम करतो आणि फोनवर अशा आवाजात बोलतो की पलीकडच्याला फोनशिवायही ऐकू जावं.

'जागा पुरत नाही' हे सगळ्यांच्याच तोंडी होतं. गणिताच्या बाईला असं मोघम विधान चालत नाही. कुठली जागा, कुणाला, किती वाजता? म्हणून फ्रीजवर एक कागद चिकटवला आणि जाहीर केलं की ज्याला ज्या क्षणी घराचा वैताग येईल त्यानं तिथल्या तिथे लिहायचं, वेळ टाकून. धाकटीनं लगेच पहिली नोंद केली: 'दादा. सगळीकडे.' त्याखाली थोरल्यानं लिहिलं: 'मान्य. उलटही.'

कागद भरत गेला तसं एक लक्षात आलं. तक्रारी दोन जातींच्या होत्या. काही भिंतींच्या आणि काही पत्त्याच्या. 'कॉल चालू असताना मिक्सर', 'आईची शिकवणी म्हणून मी बाहेर पायरीवर', 'न्हाणीघरापाशी रांग', 'माझ्या टेबलावर हिचे रंग' या भिंतींच्या. 'रस्त्याचा आवाज', 'गाडी लावायला जागा नाही', 'ऑफिसला जायला फार वेळ' या पत्त्याच्या. तुमच्या कागदावर दुसऱ्या जातीच्या तक्रारी जास्त असतील तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ दुसरं घर बघा. कितीही विटा रचल्या तरी रस्त्याचा आवाज कमी होणार नाही आणि ऑफिस जवळ येणार नाही. पत्त्याच्या दुखण्यावर बांधकामाचं औषध घेणारे लोक मी पाहिलेत. वर प्रशस्त मजला चढवतात आणि दोन वर्षांनी घर विकायला काढतात.

आमच्या तक्रारी बहुतेक भिंतींच्या होत्या. आणि त्यातल्या बहुतेक संध्याकाळी सहा ते नऊ या वेळातल्या. सकाळी अकराला हेच घर एकट्या सासूबाईंना खायला उठतं. म्हणजे चौरस फूट कमी पडत नव्हते, संध्याकाळच्या तीन तासांत बंद होणारी दारं कमी पडत होती. एवढं कळल्यावर 'आपल्याला केवढं घर हवं' हा प्रश्नच बाजूला पडला. बाहेरची खोली दुप्पट केली असती तरी काही सुटलं नसतं, उलट भांडायला मोठं मैदान मिळालं असतं.

पहिला हात अडगळीच्या खोलीला घातला. लॉस एंजेलिसमध्ये या शतकाच्या सुरुवातीला संशोधकांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांत शिरून कोण कुठे बसतं, काय कुठे ठेवतं याच्या बारीक नोंदी केल्या होत्या. त्यात असं दिसलं की चारातल्या तीन गॅरेजांत गाडी ठेवणं शक्यच नव्हतं, कारण ती सामानानं भरली होती. आमच्याकडे गॅरेज नाही, पण वृत्ती तीच. 'लागेल कधीतरी' या एका वाक्यावर आठ बाय सातची खोली आम्ही सामानाला आंदण दिली होती. दोन पाळणे निघाले, एक बंद पडलेला वॉटर हीटर, जुन्या परीक्षांचे गठ्ठे (ते माझेच) आणि तीन सुटकेसा, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी आणि तिसरीत कुणाचे तरी क्रिकेटचे पॅड. खोली रिकामी झाली, टेबल आलं, माझ्या शिकवण्या आत गेल्या. झरोका आहे, खिडकी नाही, पण मुलांना स्क्रीनवर फळा दिसतो, भिंत नाही. फ्रीजवरच्या कागदावरचा जवळजवळ निम्मा वैताग त्या एका दाराआड गेला. हा उपाय सगळ्यात आधी करावा असं माझं ठाम मत आहे. त्याला परवानगी लागत नाही, कर्ज लागत नाही. घरातल्यांशी भांडायचा दम मात्र लागतो.

उरला प्रश्न मुलांच्या खोलीचा. सोळा वर्षांचा भाऊ आणि बारा वर्षांची बहीण एका खोलीत, हे मधे कपाट उभं करून सुटण्यासारखं नव्हतं. तिला दार हवं होतं आणि ते मागण्याचा तिला पूर्ण हक्क होता.

मग घरं बघायला लागलो. बघायला मजा येते, हे कबूल केलं पाहिजे. दुसऱ्याच्या घरात आपण आपलं सगळं सामान मनातल्या मनात मांडतो आणि ते नेहमी बसतं. मी टेप घेऊन जायचे. जाहिरातीतलं क्षेत्रफळ आणि भिंतीच्या आतल्या बाजूनं मोजलेलं क्षेत्रफळ यांची गाठ क्वचितच पडते. एका घरात कागदावर आमच्यापेक्षा ३०० चौरस फूट जास्त होते. मोजलं तर त्यातले बरेचसे एका लांबलचक बोळात गेले होते, ज्यात चालण्याखेरीज काही करता येत नाही. परवडतील अशी मोठी घरं लांब होती, हे तर ठरलेलंच. तिथे मी साधा गुणाकार केला. जाताना ३५ मिनिटं जास्त, येताना ३५ मिनिटं जास्त, वर्षाला कामाचे २२० दिवस. झाले २५६ तासांच्या वर. आठ तासांची पाळी धरली तर वर्षाला ३२ पाळ्या नुसत्या प्रवासात. दुप्पट मोठी बैठकीची खोली मिळणार आणि तिच्यात बसायला माणूस उशिरा पोचणार.

नवरा मात्र आपलं घर विकून किती येतील याचे आकडे रोज वाढवत होता. शेवटी मी विचारलं, "हेच घर दुसऱ्याचं असतं आणि आपण बघायला आलो असतो, तर तू किती दिले असतेस?"

त्यानं छताकडे पाहिलं, बाहेरच्या खोलीतल्या ओलीच्या डागाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "हा डाग दाखवून आधी खाली आणला असता भाव."

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. कानमन, नेच आणि थेलर या तीन अभ्यासकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आहेत. विद्यार्थ्यांपैकी काहींना कॉफीचे मग दिले आणि विकायला किती घ्याल विचारलं, बाकीच्यांना विकत घ्यायला किती द्याल विचारलं. मग तोच, पण मालकांनी सांगितलेली किंमत साधारण दुप्पट. घटकाभर हातात असलेल्या मगाची ही कथा, तर ज्या घराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत त्याचं काय होणार? त्या रेघांचे पैसे खरेदीदार देत नाही.

हलण्याच्या हिशेबात आणखी एक रक्कम असते, जी कुठल्याच भिंतीत दिसत नाही. दलाली, खरेदीवरचे कर, नोंदणी, वकील, कर्जाचं शुल्क, सामान हलवणं, नवे पडदे, नव्या ओट्याच्या मापाच्या नव्या वस्तू. हे पैसे जातात आणि त्यांच्या बदल्यात एक वीटही मिळत नाही. या बाबतीत वाढवणं सरस, कारण तिथे निदान गेलेला बराचसा पैसा उभा दिसतो. पण तोही विकताना पुरता परत येईल या भ्रमात राहू नये. आजूबाजूच्या घरांपेक्षा आपलं घर फारच मोठं केलं तर घेणारा म्हणतो, एवढे द्यायचे तर मी दुसरीकडे नाही का बघणार?

आणि मग कर्ज. समजा व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षं. घेतलेल्या रकमेच्या जवळजवळ २.१६ पट परत जाते. मुदत १० वर्षं केली तर १.५२ पट. हे आकडे वर्गात मी इतक्या वेळा फळ्यावर काढलेत की त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. घरच्या वहीत काढले तेव्हा वाटलं. त्या आकड्यांशेजारी मी दुसरी एक ओळ लिहिली: थोरला दोन-तीन वर्षांत शिकायला बाहेर पडेल, धाकटी फार तर सहा वर्षांत. म्हणजे आमची गर्दी सहा वर्षांची आणि हप्ते वीस वर्षांचे. पुढची चौदा वर्षं आम्ही रिकाम्या खोल्यांचे हप्ते भरणार आणि त्या झाडणारही आम्हीच.

हे वाचून नवरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे वाढवायचं."

म्हटलं, "थांब. त्याचाही गुणाकार व्हायचाय."

वाढवायचं म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आधी वरचा मजला येतो. जमीन जात नाही, मागची जागा शाबूत राहते, वर हवा छान. आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. अबोल गृहस्थ. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी कशावर नजर टाकली असेल तर भिंतींच्या जाडीवर. आमच्या घराला खांब-तुळया नाहीत. नऊ इंची भिंतींवर स्लॅब टेकलेला आहे, म्हणजे भिंत हाच खांब. अशा घरात मधली भिंत काढून दोन खोल्या एक करायची हौसही जपून करावी लागते.

वर बारा बाय बाराची एकच खोली हवी आहे, असं मी त्यांना सांगितलं, जणू एखादं कपाट ठेवायचंय. त्यांनी माझ्याच वहीत हिशेब केला. १० फूट उंचीच्या नऊ इंची विटांच्या चार भिंती. दारं-खिडक्या वजा केल्या तरी साधारण ९ घनमीटर काम. विटकामाचं वजन घनमीटरला सुमारे १९०० किलो. झाले १७ टन. वर पाच इंची स्लॅब, त्याचे आणखी ५ टन. एकूण २२ टन, आणि अजून आत एक खुर्चीही ठेवलेली नाही. हलके ब्लॉक वापरले तर भिंतींचं वजन एक तृतीयांशावर येतं, स्लॅबचं येत नाही. हे सगळं कुठे उतरणार, तर खालच्या भिंतीत आणि तिथून पायात. पाया किती रुंद, किती खोल, ते आमच्या कुठल्याच कागदावर नाही. मागच्या भिंतीलगत एक खड्डा खणून बघितला. पाया होता, एका मजल्याला साजेसा होता.

"चढवता येईल हो," ते म्हणाले. "पण वरचं बांधायच्या आधी खालचं घर बांधावं लागेल."

पाया रुंद करणं, भिंतींना जोड देणं किंवा बाहेरून स्वतंत्र खांब उभे करून त्यावर मजला तोलणं, हे सगळं होतं. ज्यांच्या घराला खांब आहेत आणि बांधतानाच वरच्या मजल्याचा भार धरलेला आहे, त्यांच्यासाठी वर जाणं उत्तमच. पण ते आधी कागदावर बघावं, कागद नसेल तर तपासून घ्यावं. 'अमक्यानं चढवला, काही झालं नाही' याला पुरावा म्हणत नाहीत.

आमचा वरचा मजला खरं तर आणखी एका गोष्टीनं पडला, ती म्हणजे जिना. जिन्याचं एक जुनं गणित आहे, सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुकाराच्या नावानं ओळखलं जातं. पायरीची उंची दुप्पट करून तीत पायरीची रुंदी मिळवली की माणसाचं एक पाऊल भरलं पाहिजे, म्हणजे साधारण २४ इंच. सात इंच उंच, दहा इंच रुंद: सात दुणे चौदा आणि दहा, चोवीस. बरोब्बर. आता खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट धरले तर सात इंचांच्या १८ चढण्या लागतात. मधे वळणाचा जिना केला तर साधारण पावणेदहा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद जागा जाते. ६० चौरस फुटांच्या वर. ही जागा खालच्या घरातून काढायची, कारण आकाशातून जिना सुरू होत नाही. बाहेरून काढला तर पावसात भिजत अभ्यासाला जायचं. म्हणजे वरची १४४ फुटांची खोली मिळवायला खालची जवळजवळ अर्धी खोली द्यायची. शिवाय वर न्हाणीघर नाही केलं तर रात्री प्रत्येक गरजेला १८ पायऱ्या उतरा, चढा.

मग मागची जागा. तिथे काय अडचण, मोकळीच तर आहे! मीही असंच म्हणत होते. पण मागे मुलांची खोली आहे, बारा बाय दहाची, आणि तिची एकुलती एक मोठी खिडकी मागच्या भिंतीत. त्या भिंतीला चिकटून नवी खोली बांधली की दोन गोष्टी होतात. एक, नव्या खोलीत जायची वाट मुलांच्या खोलीतून जाते. तीन फुटांची वाट, दहा फूट लांब, म्हणजे ३० चौरस फूट गेले आणि खोलीचा बोळ झाला. दोन, खिडकी मेली. दिवसाचा उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट अंतरापर्यंतच आत कामाचा राहतो, असा एक ठोकताळा आहे. सात फुटांवर वरची कड असेल तर चौदा ते साडेसतरा फूट. नव्या खोलीच्या बारा फुटांपलीकडे, भिंतीच्या आड असलेल्या जुन्या खोलीत त्यातला काय पोचणार? दुपारी बारालाही दिवा लावून बसायचं. एक चांगली खोली मिळते आणि एक चांगली खोली बिघडते. खर्च एका खोलीचा आणि नफा शून्य, फक्त शून्याला आता दोन खिडक्या जास्त.

घर वाढवणाऱ्याला सगळे विचारतात, किती वाढणार? माझ्या मते विचारावं ते हे की आधीची कुठली खोली यात खर्ची पडणार. तुमचा आर्किटेक्ट याचं उत्तर चटकन देत नसेल तर नकाशावर पेन्सिलीनं स्वतः चालून बघा. नव्या खोलीतून न्हाणीघराकडे, बाहेरच्या दाराकडे, रात्रीच्या अंधारात. जिथे जिथे पेन्सिल दुसऱ्याच्या पलंगाशेजारून जाते ती खोली गेली म्हणून समजा.

एवढं सगळं चालू असताना ज्यांना कुणी काही विचारलं नव्हतं त्या सासूबाई होत्या. विचारलं नव्हतं असं नाही, "तुम्हाला काय वाटतं आई?" असं मी विचारायचे आणि त्या "तुम्ही ठरवाल ते" म्हणायच्या. फ्रीजवरच्या कागदावर त्यांची एकही नोंद नव्हती. म्हणून एकदा वही घेऊन त्यांच्याच खोलीत बसले. त्यांनी आधी मला जिन्याची आकडेमोड पुन्हा समजावून सांगायला लावली. मग म्हणाल्या, "मला खोली मोठी नको गं. मला रात्री संडास जवळ हवा. भिंत धरत धरत जाते मी, तुम्हाला कळत नाही एवढंच. आणि त्या न्हाणीच्या उंबऱ्याला एक दिवस मी अडकणार आहे."

नवी खोली कुणाची, हा प्रश्न तिथेच मिटला. आम्ही इतके दिवस मुलाला नवी खोली बांधत होतो, जो तीन वर्षांत बॅग भरणार. ज्यांना ती पुढेही रोज लागणार होती त्या गुडघे चोळत आमचं ऐकत होत्या.

नकाशा मग बाजूच्या पट्ट्यात गेला. न्हाणीघराच्या बाजूला, हद्दीपासून सोडायचं अंतर सोडून, दहा बाय बाराची खोली आणि तिला लागून न्हाणी-संडास. वाट बोळातून, म्हणजे कुणाच्या पलंगाशेजारून नाही. जुन्या न्हाणीघराची खिडकी बंद होत होती म्हणून अर्ध्या लांबीत तीन फुटांची मोकळी फट सोडली. मापं मी हट्टानं घेतली: दाराची मोकळी रुंदी ३२ इंचांपेक्षा कमी नाही आणि न्हाणीत पाच फूट व्यासाचं वर्तुळ बसलं पाहिजे. चाकाच्या खुर्चीला वळायला तेवढं लागतं. सासूबाईंना आज खुर्ची लागत नाही, पण ती खोली पुढे आमच्याही वाट्याला येणार आहे. उंबरा नाही. नवी फरशी जुन्या फरशीच्या पातळीला, अर्ध्या इंचाचीही ठेच नको.

संडास कुठे बसणार, हे मात्र आम्ही नाही, पाइपानं ठरवलं. चार इंची सांडपाण्याच्या पाइपाला साधारण ४० फुटांत १ फूट उतार लागतो. आमचा चेंबर पुढच्या बाजूला. मागच्या कोपऱ्यात संडास घेतला असता तर पाइप चेंबरपर्यंत येता येता इतका खाली गेला असता की चेंबरच खोल करावा लागला असता. बाजूच्या पट्ट्यात तो जुन्या लाइनीच्या जवळ आला. घरात सगळ्यात सुंदर उजेड येणारा कोपरा पाइपाच्या सोयीसाठी सोडावा लागतो, हे मला पटायला वेळ लागला.

काम घेणारा ठेकेदार चांगला आहे, फक्त उत्साही. नवी भिंत जुन्या भिंतीत विटांचे दात गुंतवून "एकजीव करून देतो" म्हणाला. इंजिनिअरनी साफ नाही सांगितलं. जुनं घर जमिनीत जेवढं बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. दोघांना घट्ट बांधलं की नवं खाली जाताना जुन्याला ओढतं आणि नेमकी सांध्यावर तिरकी भेग पडते. म्हणून पाया वेगळा, भिंत वेगळी, मधे सांधा ठेवायचा आणि तो पाणी आत येणार नाही असा झाकायचा. सून आणि सासू एका घरात कशा सुखानं नांदतात याचा हाच तोडगा आहे, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ठेकेदारासमोर म्हणाल्या.

मुदतीबद्दल एवढंच सांगते. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की माणसं आपल्याच कामाला लागणारा वेळ बहुधा कमी धरतात. पुढे १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध केव्हा संपेल ते विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा. सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ठेकेदारानं सांगितलेल्या मुदतीला मी म्हणून १.६ नं गुणलं आहे. तो आकडा मी त्याला दाखवलेला नाही. खर्चातही एक भाग बाजूला ठेवला आहे, जो फरशीच्या रंगावर उडवायचा नाही असं धाकटीकडून लिहून घेतलंय. काँक्रीटला ठरलेली ताकद येते की नाही ते २८ दिवसांनी तपासतात, त्याला कितीही घाई करून उपयोग नाही. गिलावा पुरता वाळल्याशिवाय रंग दिला तर पोपडे येतात. आणि धूळ प्रत्येक खोलीत जाणार, अगदी बंद कपाटातही.

आम्ही हे सगळं १० वर्षांच्या कर्जात बसवलंय. थोरल्याला आजीची खोली, धाकटीला मुलांची खोली एकटीला, आजींना नवी. मागची जागा आहे तशी. ऑफिस आहे तिथेच आहे, रस्त्याचा आवाजही आहे तिथेच आहे, आणि त्याबद्दल नवऱ्यानं पुढे कधी तक्रार केली तर वहीतलं पान काढून दाखवणार आहे.

नकाशा सध्या मंजुरीला गेलाय. मंजुरी येईपर्यंत कुदळ लावायची नाही, कारण विनापरवाना खोली राहायला मिळते पण विकताना आणि कर्ज घेताना अडते. तोवर थोरल्यानं आजीच्या खोलीचं माप घेऊन टेबल कुठे बसणार ते खडूनं फरशीवर आखून ठेवलंय. सासूबाईंचं म्हणणं, त्यांचं कपाट तिथून हलणार नाही, नव्या खोलीत त्यांना भिंती मोकळ्या हव्यात. कपाट सहा फुटांचं, भिंत सव्वासहाची, दार आत उघडतं. दार बाहेरच्या बाजूला फिरवून बसवायचं की कपाट कापायचं यावर दोघांचं बोलणं चालू आहे, आणि सुतारानं कपाट कापायला आधीच नकार दिलाय.